चौकातला स्पंज

पैज लागली ती भर सकाळी, बिल्डिंगच्या चौकातल्या नळापाशी, आणि लावणारे दोघंही चांगले शुद्धीत होते. मागाहून कुणी भलतंसलतं सांगू नये, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

वायसर उकिडवा बसून नळाचं मुंडकं खोलत होता. आईबापांनी त्याचं काहीतरी नाव ठेवलं होतं, पण बिल्डिंगमध्ये ते फक्त लाइटबिलावर यायचं. धंद्याने प्लंबर, आणि स्वभाव असा की कुठे काही गळतंय म्हटलं की हा न बोलावता मध्ये जाऊन बसणार. म्हणून वायसर, नळातल्या रबरी चकतीसारखा. समोर तळमजल्यावर टेलरकाकांचं दुकान, आणि दुकानाच्या पायरीवर स्वतः टेलरकाका काज करत बसलेले. काकांच्या हातात सुई असली की तोंडाला टाका नसायचा.

वायसरने बातमी फोडली. बायकोला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. लॉन्ड्रीत हॉस्पिटलच्या चादरी धुऊन आणि इस्त्री करून तिच्या हातांची सालपटं निघायची. तिच्या वयाला चालेल अशी ही शेवटची बॅच. ही गेली की जन्मभर वाफ आणि चादरी. आणि गंमत म्हणजे शिकण्यासाठी लॉन्ड्री सोडायलाही नको, कारण कॉलेज नव्या पद्धतीचं, ब्लेंडेड. अर्धं शिक्षण घरी मोबाइलवर, अर्धं वॉर्डात.

"म्हणजे मिक्स कापड," टेलरकाका म्हणाले. "दिसायला झकास, इस्त्रीही कमी लागते. घाम आला की मग कळतं."

वायसरला ते झोंबलं. त्याने जमाना कुठे गेलाय आणि काका कुठे बसलेत यावर एक छोटं भाषण केलं. काकांनी ते भाषण कॉलरच्या आतल्या कॅनव्हाससारखं दडपलं आणि म्हणाले, मोबाइलवर बघून मला एक साधी बाही जोडून दाखव, मग माणसाला हात लावायच्या गोष्टी कर. वायसर म्हणाला, माझी बायको प्रॅक्टिकलला पास होणार. काका म्हणाले, नाही होणार. असं चार वेळा झाल्यावर पहिल्या मजल्यावरच्या मावशी, ज्यांचा जन्म कठड्यावर ओणवून गेला, वरून ओरडल्या की नुसतं भुंकू नका, काहीतरी लावा.

मग लावलं. नर्सबाई पेशंटला पलंगावरच ओल्या फडक्याने पुसून काढतात, त्याला स्पंज म्हणतात, हे वायसरला कालच कळलं होतं आणि ते ज्ञान वाया घालवायची त्याची इच्छा नव्हती. तर हरणाऱ्याने चौकाच्या मध्यभागी खाट टाकून पेशंट व्हायचं, आणि सगळ्या बिल्डिंगसमोर स्पंज घ्यायचा. देणार अर्थात सिस्टर, म्हणजे वायसरची बायको. त्या सकाळपासून बिल्डिंग तिला सिस्टरच म्हणायला लागली.

"म्हणजे हरा कुणीही, राबायचं तिनेच," मावशी म्हणाल्या.

सिस्टर तेवढ्यात कामावर निघाली होती. तिने ऐकलं, दोघांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मला विचारलंत का?" दोघं हसले. तीही थोडी हसली. तेव्हा हसायला काही हरकत नव्हती.

सुरुवातीचे दिवस मजेचे गेले. मोबाइल डब्याला टेकवून उभा करायचा आणि दोघांनी समोर बसायचं. पडद्यावर एक म्हातारे पेशंट होते, गुलाबी गालांचे. त्यांच्या खांद्यावर बोट ठेवून सरकवलं की ते अलगद कुशीवर व्हायचे आणि "धन्यवाद सिस्टर" म्हणायचे. वायसरने त्यांचं नाव सासरेबुवा ठेवलं. खऱ्या सासऱ्यांनी त्याला आयुष्यात कशाबद्दलही धन्यवाद दिले नव्हते.

अडचण एकच होती. व्हिडिओ चालू असताना मध्येच एक चौकोन यायचा, "तुम्ही आहात ना?" आणि लगेच बटण दाबलं नाही तर धडा पुन्हा पहिल्यापासून. चलाख लोकांनी मोबाइल चालू ठेवून भाजी आणायला जाऊ नये म्हणून. पण दिवसभर वाफेत उभी राहिलेली बाई संध्याकाळी भिंतीला टेकली की ती असते कुठे? डोळे उघडे असायचे आणि सिस्टर नसायची.

एकदा तिचा एकच धडा तीनदा पहिल्यापासून सुरू झाला. चौथ्यांदा चौकोन आला तेव्हा वायसरने हात लांब करून बटण दाबलं. तिने डोळे किलकिले केले. "आजच्या दिवस," ती म्हणाली.

"आजच्या दिवस," तोही म्हणाला.

असे आजचे दिवस मग बरेच झाले. ती भिंतीला टेकून झोपायची, हा समोर बसून शिकायचा. खरं सांगायचं तर त्याला त्याची चटक लागली. पाइपांमधून पाणी कसं जातं हे त्याला आधीपासून येत होतं. माणसात रक्त साधारण तसंच फिरतं हे कळल्यावर तो हरखूनच गेला. धड्याच्या शेवटी प्रश्न यायचे. आधी तो तिला उठवून विचारायचा. मग उठवायचं जिवावर यायला लागलं, आणि उत्तरं तर त्याला येतच होती. तो लोकांच्या घरी बेसिन दुरुस्त करता करता घरमालकाच्या पायाची सूज बघून सल्ले द्यायला लागला. मावशींना त्याने एकाच कुशीवर पडून राहिल्याने पाठीला जखमा कशा होतात ते इतकं रंगवून सांगितलं की त्या आठवडाभर बसून झोपल्या.

कॉलेजच्या ॲपमध्ये प्रत्येकीच्या नावापुढे एक दिवा होता. मागे पडलेल्यांचा लाल, बऱ्यांचा पिवळा, हुशारांचा हिरवा. सिस्टरचा दिवा हिरवा झाला त्या दिवशी वायसर मोबाइल घेऊन खाली गेला आणि टेलरकाकांच्या नाकासमोर धरला.

"अंग घासून ठेवा काका. मळकट पेशंट माझ्या बायकोला चालायचा नाही."

काकांनी चष्मा वर करून दिवा बघितला. म्हणाले, छान आहे, पण बघितलेलं आणि केलेलं यात फरक असतो, बाळ. वायसरला बाळ म्हटलेलं आवडत नसे. तो दिवसभर शीळ घालत फिरला.

आता हिरव्या दिव्याचा अर्थ त्याने आपल्या मनाने लावला होता. रस्त्यावर हिरवा म्हणजे सुटा पुढे, तसाच हाही असणार. कॉलेजने तो भलत्याच कामासाठी लावला होता. वॉर्ड एक, मुली ढीगभर, आणि एका पलंगाभोवती किती जणी उभ्या करणार? तेव्हा असं ठरलं होतं की ज्या मागे पडतात त्यांना खऱ्या पेशंटपाशी आधी पाठवायचं, त्यांना गरज जास्त. ज्यांना येतं त्यांचे वॉर्डाचे दिवस सासरेबुवांकडेच पूर्ण झाले असं धरायचं. लाल दिव्याच्या मुली गाऊन घालून हॉस्पिटलात जायला लागल्या. पेशंट त्यांच्या अंगावर ओकले, त्यांना बोलले, त्यांच्या गळ्यात पडून रडले. सिस्टरला मात्र निरोप आला की आपली प्रगती उत्तम असल्याने आपण घरूनच सराव सुरू ठेवावा. वायसरने तो मोठ्याने वाचून दाखवला. त्याला वाटलं, मानाने सुट्टी दिली. तिने विचारलं, मग मी वॉर्डात जाणार कधी? तो म्हणाला, "अगं, तू त्यांच्यापुढे गेलीस."

प्रॅक्टिकलच्या दिवशी तो हॉस्पिटलच्या दाराबाहेर थांबला होता. ती बाहेर आली ती सरळ जिन्यावर बसली. काय झालं ते तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं.

पेशंट एक आजी होत्या, तापातून उठलेल्या, अंगात जीव नसलेल्या. त्यांना स्पंज द्यायचा आणि त्या पलंगावर असतानाच खालची चादर बदलायची. चादरीचा भाग तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती, तिच्यासारखे कोपरे अख्ख्या वॉर्डात कुणाला जमले नसते. पण त्या चादरीवर माणूस होतं. तिने खांद्याला हात लावला आणि आजी वळल्याच नाहीत. सासरेबुवा बोटभर ढकललं की वळायचे. आजींचा खांदा वर आला, कंबर तिथेच राहिली, आणि त्यांनी घाबरून पलंगाचा कठडा गच्च धरला. "मला पाडू नकोस गं," म्हणाल्या. यावर काय बोलायचं ते कुठल्याच धड्यात नव्हतं. सिस्टर हात तसेच धरून उभी राहिली. आजी खाली सरकायला लागल्या. परीक्षक बाईंनी धावून धरलं म्हणून निभावलं.

"मी कशाची तरी वाट बघत होते," ती म्हणाली. "नंतर कळलं. पुढे जायचं बटण कधी येतंय त्याची."

वायसरने तिच्या हातातली पिशवी घेतली. त्याला काहीतरी विनोद करायचा होता. केला नाही.

फेरपरीक्षा एकदाच मिळणार होती. त्यातही राहिलं तर बॅच संपली, आणि पुढच्या बॅचला वय आड येणार. म्हणजे आता तिला हवे होते फक्त वॉर्डातले काही दिवस, खऱ्या माणसांचे. दोघं कोऑर्डिनेटर मॅडमकडे गेले. मॅडम वाईट नव्हत्या, हीच पंचाईत. वाईट असत्या तर भांडता आलं असतं. त्यांनी खुर्च्या दिल्या, कॉम्प्युटर फिरवून दाखवला आणि समजावून सांगितलं की वॉर्डाच्या जागा सिस्टम वाटते, लाल दिव्याला आधी, मग पिवळ्याला. हिरव्याला जागा मागायची सोयच त्यात नाही. त्यांनी एक-दोनदा दाबूनही दाखवलं. नाव दिसायचं आणि विझायचं.

"पण मला येत नाही मॅडम," सिस्टर म्हणाली.

"रेकॉर्डप्रमाणे तुम्हाला सगळं येतं," मॅडम म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांच्या तोंडावर दिसत होतं की त्यांनाही ते वाक्य आवडलेलं नाही.

वायसर बायकोला म्हणाला, तू खाली हो, मी आलोच. ती गेल्यावर तो टेबलाला दोन्ही हात टेकवून म्हणाला, "ती बटणं मी दाबलीत मॅडम. उत्तरंही माझीच आहेत. दिवा माझा आहे. तिचा लालच आहे, तेवढा लाल करून द्या."

मॅडम उठल्या, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसल्या. हे मी ऐकलं तर मला वर कळवावं लागेल, त्या हळू आवाजात म्हणाल्या. कळवलं की तिचं नाव कटेल, आणि नाव कटलं की फेरपरीक्षा राहिली बाजूला. तेव्हा नीट विचार करून सांगा.

"मी ऐकलं का?"

वायसरने आयुष्यभर गळती बंद केली होती. पाणी कुठून येतंय ते समजलं की अर्धं काम झालं, असं तो गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. इथे समजलं होतं आणि हात घालायला जागाच नव्हती.

"नाही," तो म्हणाला. इतकं छोटं उत्तर त्याने कधी कुणाला दिलं नव्हतं.

मग घरीच सराव सुरू झाला. पेशंट कोण? टेलरकाकांची कंबर शिवणयंत्रावर कधीच कामातून गेली होती, त्यांना उताणं झोपवलं तर परत उठवायला क्रेन लागली असती. मावशी म्हणाल्या, मला खाटेवर घालून फडकं फिरवायची वेळ एकदाच येईल, आत्तापासून तालीम नको. राहता राहिला वायसर.

तो खाटेवर पडायचा, ती पाणी आणि फडकी घेऊन यायची. पहिल्याच दिवशी तिने त्याच्या खांद्याखाली हात घातला आणि तो कुशीवर झाला. सुंदर झाला. ती खूश झाली. पुन्हा केलं, पुन्हा झाला. चार दिवसांनी तिच्या ध्यानात आलं.

"अहो, तुम्ही स्वतः वळताय."

"मी? छे."

"गुडघा आधीच उचलताय. हात छातीवर घेताय. मी हात लावायच्या आत."

तो म्हणाला, बरं, आता नाही वळत. आणि वळला. काय करणार? कोणता हात कुठे, कुठला गुडघा कधी, कुठल्या कुशीला आधी, सगळे धडे त्यानेच बघितले होते. तिचं पाऊल खाटेपाशी वाजलं की त्याचं अंग तयार. डोळे मिटून पाहिलं. दुसऱ्या कशाचा तरी विचार करून पाहिलं. एकदा तर खरोखर झोपला. तिने हात लावताच झोपेत वळला.

ती त्या दिवशी फडकं बादलीत टाकून खाली बसली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "झोपले मी, शिकलात तुम्ही." आणि बादली रिकामी करायला गेली.

फेरपरीक्षेला पेशंट एक जाडजूड गृहस्थ होते. ते सरकतील, पडतील, या भीतीने तिने त्यांना कुशीवर केलंच नाही. तोंड, हात, छाती, पाय सगळं स्वच्छ पुसलं आणि थांबली. परीक्षक बाईंनी विचारलं, पाठ? ती म्हणाली, जमणार नाही. गृहस्थ बिचारे म्हणाले, मी होतो की स्वतःहून, पण तसं चालत नव्हतं. पाठ कोरडीच राहिली.

संध्याकाळी मोबाइल टिंग वाजला. वायसरने उचलला. ॲपने सिस्टरचं अभिनंदन केलं होतं. थिअरीत विशेष प्रावीण्य, खाली फुलं, वर हिरवी बरोबरची खूण. तो मोबाइल खिशात घालून खाली आला आणि टेलरकाकांच्या पायरीवर बसला. काकांनी विचारलं नाही, यानेच मोबाइल काढून दाखवला. काकांनी बराच वेळ ते बघितलं.

"हे तुझं आहे ना रे?"

काकांनी मोबाइल त्याच्या खिशात परत सरकवून दिला, गिऱ्हाइकाच्या खिशात उरलेलं कापड घालावं तसा. मग म्हणाले, पैजेचं मी विसरलो. म्हातारपण. कसली पैज आठवत नाही.

पण सिस्टर विसरली नव्हती. सुट्टीच्या दिवशी सकाळी खाट जिन्यावरून आपटत खाली येताना अख्ख्या बिल्डिंगने ऐकली. तिने ती एकटीने आणली आणि चौकाच्या बरोबर मध्यावर टाकली. वर चादर अंथरली. कोपरे असे बसवले की मावशी कठड्यावरून म्हणाल्या, असं तर लग्नातसुद्धा कुणी माझ्यासाठी अंथरलं नव्हतं. नळाखाली अर्धी बादली भरून तिने त्यात ऊन पाणी ओतलं, फडकी मांडली.

टेलरकाका दुकानातून उठून आले. "पोरी, राहू दे. मी मागतच नाहीये."

"हरलेत ना ते?"

"हरला."

"मग जिंकलेलं घ्या," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "शर्ट काढा. झोपा."

वायसर झोपला. वरून शिट्ट्या आल्या. कुणीतरी साबण कमी लावा, पाणी गढूळ होईल म्हणालं. कुणी मोबाइल काढला. एरवी वायसरने प्रत्येकाला त्याच्या बाथरूमसकट उत्तर दिलं असतं. तो आकाशाकडे बघत पडून राहिला. त्याला ठाऊक होतं की उद्या ती पुन्हा लॉन्ड्रीत जाणार, परवाही, आणि त्यापुढे मोजायचं काही कारण नव्हतं.

तिने तोंडापासून सुरुवात केली. डोळ्यांचा कोपरा आतून बाहेर. कान. मान. हात मनगटाकडून वर. प्रत्येक पायरी जिथल्या तिथे, आणि ती करायच्या आधी तोंडाने हळू सांगत, धड्यात होतं तशी. हळूहळू वरची थट्टा थांबली. एवढ्या लोकांमध्ये फडकं पिळल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

मग ती त्याच्या उजव्या बाजूला आली आणि वाकली.

"अंग सोडा," ती फक्त त्याला ऐकू जाईल इतकंच बोलली. "एकदाच. मदत करू नका."

त्याने मान हलवली. डोळे मिटले. सिमेंटचं पोतं आठवलं. पाण्याने भरलेली टाकी आठवली, गंजलेला बिडाचा पाइप आठवला, जो चार माणसांना हलत नाही. आपण तो पाइप आहोत असं त्याने ठरवलं. तिचा एक हात खांद्याखाली आला, दुसरा कमरेला. तिच्या बोटांना इस्त्रीचे चट्टे होते, ते त्याला पाठीला लागले.

तो वळला. गुडघा कधी उचलला गेला ते त्यालाही कळलं नाही.

चौकात टाळ्या पडल्या. मावशी तर उभ्या राहिल्या. बघा, म्हणाल्या, फुलासारखा वळवला रेडा, आणि म्हणे नापास. कोण ते परीक्षक, आणा इकडे.

वायसर कुशीवर होता, तोंड टेलरकाकांच्या दुकानाकडे. काका टाळ्या वाजवत नव्हते. ते खाली बघून सुईत दोरा ओवत होते.

मागे फडकं पिळलं गेलं. तिने त्याची पाठ पुसली, मानेपासून कमरेपर्यंत, सावकाश, कुठेही कोरडी न ठेवता. पाणी तोवर गार झालं होतं. पुसून झाल्यावर ती सरळ उभी राहिली, आणि "आता उताणे व्हा" म्हणायला तिने तोंड उघडलं.

तोवर तो झाला होता.